महागडी वायर घेण्याआधी: ऐकण्यातलं खरं-खोटं घरच्या घरी कसं तपासावं

तीन वर्षांपूर्वी मी स्पीकरच्या वायरीवर १८ हजार रुपये घातले. बोटाएवढी जाड, वर निळ्या जाळीचं वेष्टन, टोकाला सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. घरी आणून जोडली, दिवा मंद केला आणि शंभरदा ऐकलेली एक मैफल लावली. तानपुरा असा काही उलगडला की मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. तिने दाराशी उभं राहून ऐकलं, ‘छान आहे’ म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून परत गेली.

लेक तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, “बाबा, मी वायरी बदलत राहते, तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा. नवी की जुनी, एवढंच सांगायचं.” सोळा वेळा केलं. माझं सात वेळा बरोबर आलं. डोळे मिटून नाणं उडवत बसलो असतो तरी आठाच्या आसपास आलं असतं.

वाईट पैशांचं वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण नंतर. आधी धक्का याचा बसला की तानपुरा उलगडला होता ते मी खरंच ऐकलं होतं. मी खोटं बोलत नव्हतो. पुढे जे लिहिलंय ते त्या संध्याकाळपासून शिकत आलेलं आहे. ज्यांनी नुकताच चांगला हेडफोन किंवा पहिले स्पीकर घ्यायचं मनावर घेतलंय, त्यांनी खिशात हात घालण्याआधी यातल्या पायऱ्या करून पाहाव्यात.

पायरी १: कान एकटे ऐकत नाहीत, हे स्वतः अनुभवा

मॅकगर्क परिणामाचा व्हिडिओ शोधा. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या दोघांनी १९७६ साली हा प्रकार जगापुढे आणला. पडद्यावरच्या माणसाचे ओठ ‘गा’ म्हणताना हलतात, ध्वनिफीत मात्र ‘बा’ची असते. बऱ्याच जणांना ऐकू येतं तिसरंच: ‘डा’. डोळे मिटा, ‘बा’ येतं. उघडा, पुन्हा ‘डा’. गंमत कळली तरी परिणाम जात नाही. मी तो वीसेक वेळा पाहिलाय, अजून ‘डा’च येतं.

डोळ्यांना दिसलेले ओठ जर अक्षर बदलू शकतात, तर डोळ्यांना दिसलेली किंमत तानपुरा उलगडू शकते. म्हणून ‘मला फरक ऐकू आला’ आणि ‘आवाजात फरक होता’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावर कुणाशी वाद घालू नका, तो माणूस खरंच सांगतोय. तपासायचं ते दुसरं.

पायरी २: स्वतःच्या कानांची मर्यादा बघा

माणसाचे कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतात असं पुस्तकात असतं. ते तरुण, निरोगी कानांचं झालं. वय वाढतं तसा वरचा टोकाचा भाग झिजत जातो आणि ते आपल्याला कळतही नाही. फोनवर सूर काढून देणारं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्या, हेडफोन लावा, आवाज अगदी कमी ठेवा आणि ८,००० हर्ट्झपासून वर वर जा. जिथे सूर नाहीसा होतो तिथे थांबा. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेऊ नका, न ऐकू येणारा सूरही कानाला इजा करू शकतो.

माझं १२,००० च्या जरा वर संपलं. लेकीला १७,००० पर्यंत येतं. पण यात रडण्यासारखं फारसं नाही. पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी ४,१८६ हर्ट्झवर असते. त्याच्या वर जे उरतं ते स्वरांवरची चमक: झांजांची किणकिण, ‘स’चा सुस्कारा. एवढं मात्र लक्षात असू द्या, की ‘४०,००० हर्ट्झपर्यंत वाजतो’ असं खोक्यावर छापलं असेल तर ती सोय बहुधा घरातल्या मांजरासाठी आहे.

पायरी ३: आवाजाची पातळी सारखी करा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. दोन यंत्रांपैकी एक जरासं, अगदी अर्धा डेसिबल, मोठं वाजत असेल तर आपल्याला ‘हे मोठं आहे’ असं वाटत नाही. ‘हे भरदार आहे, मोकळं आहे, यात जीव आहे’ असं वाटतं. कारण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय: आवाज हळू असताना कान खर्जाला आणि टिपेला कमी दाद देतात, आवाज वाढला की दोन्ही टोकं वर येतात. दुकानदाराला हे शास्त्र ठाऊक नसेलही, पण महागडा अँप (स्पीकरला ताकद पुरवणारा अँप्लिफायर) दाखवताना त्याची बोटं नॉबवर कुठे जातात ते एकदा बघा.

अँप, डॅक (डिजिटल आकड्यांपासून आवाजाची लाट बनवणारं यंत्र) किंवा वायर तपासायची असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. १०० ते ४०० हर्ट्झमधला एक स्थिर सूर हळू आवाजात लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, स्पीकरच्या टोकांवर मोजा. एका यंत्राला २ व्होल्ट येत असतील तर दुसऱ्याला १.९८ ते २.०२ च्या आत आणा. तेवढ्यात फरक साधारण ०.१ डेसिबलवर येतो. जास्त वरचा सूर घेऊ नका, स्वस्त मीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि वर थापा मारतात. दोन स्पीकर तुलनेला असतील तर फोनवरचं आवाजमापक अ‍ॅप चालवून घ्या. अचूक नाही, पण अंदाजापेक्षा बरं.

पायरी ४: पाठ करून बसा

आता आमच्या घरातली चाचणी, नीट केली तर कशी करावी ते.

एक मदतनीस हवा आणि एक वही. मदतनीसाने दर फेरीला नाणं उडवायचं: छापा आला तर पहिली वायर, काटा आला तर दुसरी. नाणं का? कारण माणसाला आपणहून ‘कसंही’ निवडता येत नाही, तो नकळत आलटून-पालटून करायला लागतो आणि ऐकणाऱ्याला तो ठेका कळतो. नाण्याने तीच वायर पुन्हा सांगितली तरी मदतनीसाने ती काढून परत लावायची, नाहीतर खुडबुड झाली नाही यावरूनच उत्तर मिळतं. वायरी बदलताना अँप बंद, हे विसरू नका. उघडी टोकं एकमेकांना चिकटली तर चाचणी कायमची संपेल.

मदतनीसाचा चेहरा दिसता कामा नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की घोडा गणित करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या देहबोलीवरून कुठे थांबायचं ते ओळखत होता. आमच्या चाचणीत पहिल्या तीन फेऱ्यांत मी हान्सच होतो. बरोबर उत्तर दिलं की लेक “हं” म्हणायची. मग आम्ही पहिल्यापासून सुरू केलं आणि ठरवलं, की निकाल सोळा फेऱ्या झाल्यावरच.

सोळाच का? सोळापैकी बारा किंवा जास्त उत्तरं निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. तेवढं जमलं तर फरक ऐकू येतोय असं मानायला जागा आहे. चार-पाच फेऱ्यांवर काही ठरवू नका, चारपैकी चार कुणालाही सोळात एकदा येतात.

एकेक तुकडा दहा-पंधरा सेकंदांचाच ठेवा. आवाजातल्या बारीक छटांची स्मृती काही सेकंदांत पुसट होते. ‘मागच्या महिन्यात मित्राकडे ऐकलं त्यापेक्षा हे बरं’ याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. आमच्या चाचणीतही वायर बदलायला अर्धं मिनिट जायचं, हे तिचं वैगुण्य आहे, मान्य. पण मग हेही मान्य करायला हवं की अर्ध्या मिनिटात विरून जाणाऱ्या फरकासाठी मी १८ हजार मोजले.

फाइलींची तुलना करायची असेल तर मदतनीसही नको. फूबार २००० या फुकट मिळणाऱ्या प्लेअरला एबीएक्स नावाची जोडणी बसते. ती ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवते आणि ‘क्ष’ या दोघांतला कोणता ते विचारते. एकच मूळ फाइल घ्या, तिच्यापासून स्वतः एमपी३ बनवा आणि बसा. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ सरावाने पकडता येतो, विशेषतः टाळ्यांच्या कडकडाटात आणि झांजांमध्ये. ३२० वाला पकडताना माझी तर बोलती बंद झाली.

हे इतरांनीही करून पाहिलंय

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट. जाहिरातीत तिची लाट पायऱ्यापायऱ्यांची दाखवतात आणि शेजारी ‘हाय-रेझ’ची (सीडीपेक्षा जास्त नमुने घेतलेल्या मुद्रणाची) गुळगुळीत. ते चित्र खोटं आहे. नमुने पायऱ्या नसतात, ते बिंदू असतात, आणि त्या बिंदूंतून २०,००० हर्ट्झपर्यंतची एकच एक गुळगुळीत लाट जाऊ शकते. यंत्र तीच काढतं. जास्त नमुने घेतले तर लाट जास्त गुळगुळीत होत नाही, फक्त आणखी वरचे, मांजराचे सूर मावतात.

२००७ साली मायर आणि मोरान या दोघांनी बोस्टन परिसरातल्या श्रोत्यांना हाय-रेझ तबकड्या ऐकवल्या आणि मध्येच आवाज सीडीच्या दर्जातून जाऊ दिला. ५५४ फेऱ्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर. म्हणजे नाणंच. २०१६ मध्ये राइस यांनी अशा अनेक प्रयोगांची बेरीज मांडली, तेव्हा आकडा ५२.३ टक्के आला, आणि आधी कान तयार केलेल्यांचा त्याहून बरा. म्हणजे फरक अगदीच नसतो असंही नाही, पण तो केसाएवढा आहे. आणि ध्वनिमुद्रण जुनं असेल तर तोही नाही. गौहर जान १९०२ मध्ये कोलकात्यात भोंग्यात तोंड घालून गायल्या, मायक्रोफोनने मुद्रण सुरू झालं ते १९२५ च्या सुमारास. त्या तबकड्यांची ‘१९२ किलोहर्ट्झ’ची फाइल विकत घेणं म्हणजे खरखर जास्त बारकाईने ऐकणं.

सगळ्यात बोलकी गोष्ट २०२२ ची. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी रेकॉर्डप्रेमींसाठी महागड्या तबकड्या काढते. मूळ टेपवरून थेट, डिजिटलचा स्पर्श नाही, असा त्यांचा लौकिक. त्या वर्षी उघड झालं की कित्येक वर्षं त्यांच्या अनेक तबकड्यांच्या प्रक्रियेत मध्ये एक डिजिटल पायरी होती. ज्यांनी या तबकड्यांना ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्या कानांनी एवढ्या वर्षांत तक्रार केली नव्हती. मला यात त्यांची फजिती दिसत नाही. तबकड्या सुरेख वाजतच होत्या. फक्त सुरेख का वाजतात याचं दिलेलं कारण चुकीचं होतं.

रेकॉर्ड आवडत असेल तर जरूर ऐका. तबकडीसाठी बहुतेकदा वेगळं मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवणं) करतात, आवाज दाबून ठासून भरलेला नसतो, त्यामुळे एखादी तबकडी तिच्याच सीडीपेक्षा खरोखर सरस असू शकते. श्रेय मास्टरिंग करणाऱ्याला द्या, सुईला नको.

पायरी ५: फरक जिथे खरा आहे तिथे जा

इथे चाचणीची गरजच पडत नाही, इतका फरक ढळढळीत असतो. स्पीकर, हेडफोन, खोली आणि मूळ ध्वनिमुद्रण.

खोलीपासून सुरू करा, ती फुकट आहे. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्र’ असा झणत्कार येत असेल तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती आवाज टोलवतायत. आपल्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, वर स्लॅब, बाजूला काच: हे व्हायचंच. एक जाड सतरंजी, एक भरलेलं पुस्तकांचं कपाट, खिडकीला खरोखर जाड पडदा, आणि पाहुण्यांच्या गाद्यांची चळत कोपऱ्यात. मी आमच्या आजीच्या दोन गोधड्या समोरच्या भिंतीला टांगल्या होत्या. घरात त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण गाण्यातले शब्द स्वच्छ झाले.

खर्जाचं दुखणं वेगळं, त्याला गोधडी पुरत नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, १० फुटांच्या बाजूला ५६ चा. भिंतीला टेकून बसलात तर तो गडगडतो, बरोबर मध्यात बसलात तर गायब. डग्ग्याचा एखादा घिस्सा (तळहात घासून काढलेला सूर) भिंत हलवतो आणि पुढचा ऐकूच येत नाही, तो यामुळे. उपाय म्हणजे खुर्ची सरकवणं. एका रात्री मी खुर्ची वीतभर पुढे घेत खाली खडूने खुणा करत गेलो. भिंतीपासून साडेचार फुटांवर डग्गा सारखा झाला. तो फरक लेकीनेही दारातूनच ओळखला. छताचा पंखाही बंद करून बघा. त्याच्या घरघरीखाली तानपुऱ्याचा शेवटचा अंश कुठे बुडतो ते तेव्हाच कळतं.

तानपुरा तपासणीला उत्तम. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात, म्हणजे तिचा माथा नेमका घासून घेतात, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तेव्हा एका तारेतून मूळ सुरावरचे अनेक उपस्वर फुटतात. नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली तो ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर उमटायलाच नको, पण तानपुऱ्यात तोही उमटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या नवलाविषयी लिहिलंय. हे सगळे उपस्वर स्पीकरच्या मधल्या पट्ट्यात येतात. तिथे खोट असेल तर तानपुरा पत्र्यासारखा वाजतो, लगेच कळतं.

छोट्या स्पीकरवरचा डग्गा मात्र फसवतो. पुरुषी आवाजाचा मूळ सूर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि जुनी टेलिफोनची तार ३०० च्या खालचं काही नेतच नसे. तरी फोनवर वडिलांचा आवाज वडिलांसारखाच जाड यायचा. वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा गैरहजर सूर भरून काढतो. छोट्या ब्लूटूथ स्पीकरचा ‘जबरदस्त बेस’ बराचसा याच उधारीवर चालतो. खरा खर्ज आणि उधारीचा खर्ज यांतला फरक छातीला कळतो, कानाला नाही.

वायर, वॉट आणि बाकी किरकोळ

घराच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तीन मीटर जाऊन परत येताना तिचा रोध ०.०४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. आवाजात पडणारा फरक ०.०५ डेसिबलच्याही आत. विषय संपला.

‘१००० वॉट पीएमपीओ’ (क्षणभराची, फुगवून सांगितलेली ताकद) हा आकडा नव्वदीतल्या टेपरेकॉर्डरवर ज्यांनी वाचलाय त्यांना हसू येईल. आरएमएस, म्हणजे सलग टिकणारी ताकद, विचारा. आणि ५० ऐवजी १०० वॉट घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात.

‘हेडफोन शंभर तास वाजवून मुरवा’ हा सल्ला मिळेल. उशीचं फोम दबतं, ते खरं. बाकी मुरतो तो आपला कान. दुकानाची माल परत घ्यायची मुदत मात्र तेवढ्यात उलटून जाते.

दुसऱ्या टोकाच्या लोकांपासूनही सावध राहा. ‘सगळं थोतांड आहे’ म्हणणारा माणूस तपासत नाही, तो फक्त उलटा विश्वास ठेवतो. पंधरा मीटर लांब केसासारखी वायर आवाज बदलतेच. अँपची ताकद संपली की आवाज फाटतो. दोन उपकरणांच्या अर्थिंगचा घोळ झाला की ५० हर्ट्झची गुणगुण येते. ती भास नसते, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पायरी ६: दुकानात जाताना

स्वतःचं, तोंडपाठ असलेलं ध्वनिमुद्रण न्या. त्यांच्या डेमोच्या गाण्यावर सगळंच छान वाजतं. दोन्ही स्पीकर सारख्या पातळीवर वाजवायला सांगा, अ‍ॅप उघडून हातात धरा. थोडं ओशाळं वाटतं, वाटू द्या. किंमत शेवटी विचारा. कानांना विश्रांती देऊन दुसऱ्या दिवशी परत जा. सलग दोन तास मोठ्या आवाजात ऐकल्यावर सगळं बोथट लागतं, आणि आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली हद्द आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत कापूस नव्हे, फोमचे इअरप्लग घाला.

आणि घरी लावून बघून पटलं नाही तर परत घेता का, हे बिल करण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं. ती निळी वायर अजून माझ्याच स्पीकरला आहे. आवाज छान येतो.